ॲप लक्षण ओळखेल, फवारणीचा निर्णय मात्र शेतातच

कपाशीचे पान लाल पडले की आता पहिला हात खिशातल्या मोबाईलकडे जातो. फोटो काढून ॲपमध्ये टाकला की काही सेकंदांत रोगाचे किंवा किडीचे नाव येते, बहुतेकदा त्याखाली औषधाचेही. शासनानेही या तंत्रज्ञानावर भर दिला आहे. केंद्राने ऑगस्ट २०२४ मध्ये राष्ट्रीय कीड निरीक्षण प्रणाली (एनपीएसएस) सुरू केली. तिच्यात ६१ पिके आणि ४०० हून अधिक किडींचा समावेश असल्याचे सांगितले जाते. राज्याने २०२५ च्या खरिपाच्या तोंडावर मराठीत उत्तरे देणारे 'महाविस्तार' ॲप आणले. पाठोपाठ जूनमध्ये कृषी क्षेत्रासाठी कृत्रिम बुद्धिमत्ता धोरण मंजूर करून पहिल्या तीन वर्षांसाठी ५०० कोटी रुपयांची तरतूद केली.

ही साधने उपयोगी आहेत. मात्र ती नेमके कोणते काम करतात आणि कोणते करू शकत नाहीत, हे समजून घेतले नाही तर खर्च वाढेल आणि कीड तिथेच राहील.

ॲप 'शिकते' कसे?

हजारो फोटो दाखवून संगणकाला रोगाची लक्षणे शिकवली जातात. या क्षेत्रातला सर्वांत गाजलेला फोटोसंच म्हणजे 'प्लांटव्हिलेज'. त्यात १४ पिकांचे ५४ हजारांहून अधिक फोटो आहेत. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात त्यावर शिकलेल्या प्रणालीने ९९ टक्क्यांहून अधिक फोटो अचूक ओळखले. पण वेगळ्या परिस्थितीत काढलेले, बाहेरून मिळवलेले फोटो दिल्यावर त्याच प्रणालीची अचूकता सुमारे ३१ टक्क्यांवर आली. कारण शिकवताना वापरलेली पाने तोडून, एकसारख्या पार्श्वभूमीवर ठेवून टिपलेली होती. आपल्या शेतातल्या पानावर धूळ असते, सावली असते, एकाच पानावर दोन-तीन तक्रारी असतात.

त्या संचात कपाशी, तूर, डाळिंब ही पिके नाहीत. सोयाबीनची फक्त निरोगी पाने आहेत. द्राक्षाचे तीन रोग आहेत, पण आपल्या बागायतदारांना सर्वाधिक छळणारा केवडा (डाऊनी मिल्ड्यू) नाही. आजची ॲप याहून मोठ्या संचांवर शिकलेली असतात, तरी मूळ मुद्दा तोच राहतो. ज्या पिकाचे, ज्या भागातले फोटो पाहिले, तेवढेच ॲपला नीट ओळखता येते. म्हणून '९५ टक्के अचूक' अशी जाहिरात दिसली तर कोणत्या पिकावर आणि कोणत्या शेतात, हा प्रश्न विचारलाच पाहिजे.

लक्षण एक, कारणे अनेक

कपाशीचा लाल्या घ्या. मॅग्नेशियम कमी पडले तर खालच्या जुन्या पानांच्या शिरा हिरव्या राहतात आणि मधला भाग लाल होतो. तुडतुडे असतील तर पानांच्या कडा मुरडतात, आधी पिवळसर आणि मग लाल पडतात. पाणी साचले तर सखल भागातली झाडे आधी लालसर होतात. बोंडे भरताना रात्रीचे तापमान एकदम उतरले तरी पाने लाल होतात. यातल्या फक्त एका कारणावर कीटकनाशक चालते.

सोयाबीन पिवळे पडण्याचेही तसेच. चुनखडीच्या जमिनीत लोह कमी पडले तर शेंड्याची नवी पाने पिवळी होतात, शिरा हिरव्या राहतात. पिवळा मोझॅकमध्ये पानावर पिवळे-हिरवे अनियमित चट्टे दिसतात. हा विषाणू पांढरी माशी पसरवते, त्यावर कोणतेही बुरशीनाशक काम करत नाही. रोगट झाडे लवकर उपटून नष्ट करणे आणि पांढरी माशी आटोक्यात ठेवणे हाच उपाय. जमीन कशी आहे, पाणी कधी साचले, पट्ट्यात आहे की तुरळक, हे फोटोत येत नाही. ते शेतकऱ्यालाच सांगावे लागते.

फोटो मोजणी करत नाही

कीड ओळखली म्हणजे फवारणी लागली असे होत नाही. ती आर्थिक नुकसानीच्या पातळीपर्यंत पोचली का, हे पाहावे लागते. तुडतुड्यांसाठी ही पातळी पानामागे २ ते ३ पिल्ले अशी आहे. गुलाबी बोंडअळीसाठी कामगंध सापळ्यात सलग तीन रात्री ८ किंवा अधिक पतंग, किंवा एकरी २० हिरवी बोंडे फोडल्यावर दोनांत जिवंत अळी, अशी आहे. बोंडाच्या आतली अळी बाहेरून काढलेल्या कोणत्याही फोटोत दिसत नाही.

२००८ मध्ये सोयाबीनवर पाने खाणाऱ्या अळ्यांचा उद्रेक झाला. त्यानंतर २००९-१० पासून राज्यात 'क्रॉपसॅप' सुरू झाले. त्याचा कणा शेतात जाऊन केलेली साप्ताहिक मोजणी हाच आहे. ॲपमुळे ही मोजणी मागे पडली तर आपण हातचे गमावून बसू.

फोटो असा काढा

- किमान तीन फोटो द्या: पूर्ण झाड, बाधित पान आणि पानाची खालची बाजू. तुडतुडे आणि पांढरी माशी बहुधा खालीच असतात.
- लेन्स पुसून घ्या. सकाळच्या उजेडात काढा. तिन्हीसांजेच्या उन्हात हिरवे पानही पिवळसर दिसते.
- बऱ्याच फोनचा कॅमेरा झाड ओळखून हिरवा रंग आपोआप गडद करतो. ही सोय बंद ठेवा, नाहीतर लोहाची कमतरता लपते.
- व्हॉट्सॲपवर पाठवताना फोटो 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा. साध्या पद्धतीने बारीक तपशील पुसले जातात.
- सोबत वाण, पिकाचे वय, शेवटची फवारणी आणि गेल्या आठवड्यातला पाऊस कळवा.

औषधाचे नाव आले तर

सर्वांत जास्त सावधगिरी इथे लागते. प्रश्नांना उत्तरे देणारी एआय साधने चुकीची मात्राही तितक्याच ठामपणे सांगू शकतात. सुचवलेल्या औषधाला त्या पिकासाठी आणि त्या किडीसाठी लेबल क्लेम आहे का, मात्रा किती, काढणीपूर्व प्रतीक्षा कालावधी किती, हे डब्यावरच्या माहितीपत्रकावर तपासा. तेच ॲप औषध विकतही असेल तर दुसरे मत घ्याच. आपल्या मनाने दोन-तीन औषधे एकत्र करू नका. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने २० हून अधिक जणांचा बळी गेला, हे विसरता येणार नाही. शंका असल्यास सहायक कृषी अधिकारी, कृषी विज्ञान केंद्र किंवा किसान कॉल सेंटर (१८००-१८०-१५५१) यांना विचारा.

शासनाकडून काय हवे?

५०० कोटी खर्च होणार असतील तर तीन गोष्टी मागायला हव्यात. पहिली, प्रत्येक ॲपची पीकनिहाय अचूकता आपल्या शेतांतल्या फोटोंवर तपासून मराठीत जाहीर करावी. दुसरी, खात्री नसेल तेव्हा ॲपने अंदाज न बांधता 'ओळखता येत नाही' असे सांगावे आणि प्रश्न तज्ज्ञाकडे पाठवावा. तिसरी, लेबल क्लेम नसलेले औषध पडद्यावर येताच कामा नये.

विस्तार कार्यकर्त्यांनीही फोटोसोबत मोजणीची नोंद आणि नंतर खात्री झालेले निदान भरावे. कपाशी, तूर आणि डाळिंबाचे असे खरे फोटो साठत गेले तरच पुढची ॲप आपल्या मातीतली होतील. तोवर क्रम असा ठेवा: आधी फोटो, मग मोजणी, मग लेबल आणि शेवटी पंप.