काजळ सांगेल तेथेच पटाशी

घोडबंदर रोडला राहणाऱ्या एका वाचक आजोबांचे पत्र आले आहे. उभा जन्म त्यांनी सुतारकामात घालविला. नातू अमेरिकेत, पेन्सिल्व्हेनियात असतो आणि त्याने हौसेने ठासणीची बंदूक बांधावयास घेतली आहे. लोखंडी नळी लाकडी दस्त्यात बसता बसेना, तेव्हा तो विचारतो, "आजोबा, हातोडीने ठोकून बसवू का?" आजोबांनी तो प्रश्न आमच्याकडे धाडला आहे.

उत्तर एका शब्दाचे : नको! पण कारण सांगितल्यावाचून नातवंडे ऐकत नाहीत, म्हणून तेही सांगतो.

तोंडातून दारू आणि गोळी घालून गजाने ठासावयाची, ती ठासणीची बंदूक. १७३७ साली चिमाजी आप्पांच्या मोहिमेत मराठ्यांनी घोडबंदरचा किल्ला पोर्तुगीजांकडून घेतला, त्या काळच्या बंदुका याच जातीच्या. आपल्याकडील तोड्याच्या बंदुकीत नळी दस्त्यावर ठेवून तारेच्या वा पत्र्याच्या वेढ्यांनी आवळीत. पेन्सिल्व्हेनियात जाऊन राहिलेल्या जर्मन कारागिरांची तऱ्हा निराळी. त्यांची लांब, अष्टकोनी नळी दस्त्याच्या खोबणीत सुमारे निम्मी बुडते आणि आडव्या बारीक खिळ्यांनी अडकविली जाते. वेढ्याखाली थोडी ढिलाई खपून जाते. खोबणीत ती उघडी पडते.

ही खोबण साधावयाची युक्ती काजळाची. दिव्याचे काजळ तेलात कालवून नळीला अगदी पातळ फासावे. नळी खोबणीत सरळ ठेवून लाकडी मोगरीने हलकेच टेकवावी आणि सरळच वर उचलावी. डोलवून काढली तर कडा घासून खोबण रुंदावते. आता लाकडाकडे पाहावे. जेथे काळा डाग उमटला तेथे लाकूड नळीला अडते आहे. तेवढाच डाग धारदार पटाशीने खरवडावा. पुन्हा काजळ, पुन्हा नळी, पुन्हा डाग! असे पन्नास वेळा करावे लागले तरी कंटाळू नये. काढलेले लाकूड परत चिकटविता येत नाही.

सुरुवात नळीच्या मागच्या टोकापासून करावी. बार उडताना मागे येणारा धक्का तेथेच लाकडावर बसतो. ते टोक सपाट टेकले नाही तर सगळा भार एका कोपऱ्यावर येऊन दस्ता चिरतो. नळी मध्येच उचललेली राहिली तर खिळे ठोकताच ती वाकून ताणली जाते आणि नेम बिघडतो. चापाची कळही नळी बसल्यावरच बसवावी. कारण बत्तीचे भोक नळीत असते आणि कळीची जागा त्यावरून ठरते.

आणखी एक. खिळे ज्या कड्यांतून जातात, त्यांची भोके नळीच्या लांबीच्या दिशेने किंचित लांबट ठेवावीत. लाकूड दमट हवेत फुगते, कोरड्या हवेत आकसते. त्याला हलावयास जागा नसेल तर ते नळीला ओढू लागते.

हे वाचून ठाण्याच्या एखाद्या तरुणाने मात्र गॅलरीत बंदूक बांधावयास बसू नये! आपल्याकडे १९५९ च्या शस्त्र कायद्याप्रमाणे परवान्यावाचून बंदूक बनविणे, इतकेच नव्हे तर दुरुस्त करणेही गुन्हा आहे. अमेरिकेत १९६८ च्या केंद्रीय कायद्याने ठासणीच्या बंदुका बहुतांशी इतर बंदुकांहून वेगळ्या मानल्या. तेथे या हौशी मंडळींची राष्ट्रीय संघटना १९३३ पासून आहे. तरी तेथील प्रत्येक राज्याचे नियम निराळे, ते नातवाने आधी पाहावेत.

काजळाची युक्ती मात्र घरोघरी चालते. पावसाळ्यात दार अडू लागले की आपण सुतार बोलावून कडेवर सरसकट रंधा मारून घेतो आणि थंडीत त्याच फटीतून वारा येतो. यंदा दिवाळीच्या पणतीचे थोडे काजळ डबीत धरून ठेवा. पुढच्या श्रावणात ते चौकटीला फासा, दार एकदा लावून उघडा, आणि डाग दिसेल तेवढेच लाकूड काढा.