अनुक्त कर्ता आणि तांत्रिक गद्य

संगणकीय आज्ञावलींच्या सामूहिक लेखनासाठी वापरल्या जाणाऱ्या गिटहबने 2017 मध्ये ‘कोडओनर्स’ ही सोय आणली. कोणती फाइल कोणी तपासावी, हे तीत एका यादीवरून ठरते. एका फाइलला अनेक ओळी लागू पडल्यास शेवटची ओळ निर्णायक ठरते. माहितीपुस्तिकेत हा नियम सुटला, तर काम भलत्याकडेच जाते. अशी पुस्तिका मराठीत लिहिताना ‘फाइल तपासली जाते’ ही नवीन कर्मणी रचना सोयीची वाटते. परंतु ती नेमका तपासणाराच वगळते. जबाबदारी नेमून देणाऱ्या साधनाच्या वर्णनात कर्ताच अनुक्त राहावा, ही विसंगती होय. व्यावहारिक मराठीच्या अध्यापनाने अशा गद्याचीही दखल घ्यावी. येथे प्रयोगाची निवड हा केवळ शैलीचा नव्हे, उत्तरदायित्वाचा प्रश्न आहे.