पडायला चांगली जागा हवी

दिवाळीच्या सुट्टीत बिद्री परिसरातली मुले मामाच्या नाहीतर आत्याच्या गावाला जातात. हे गाव आता पुष्कळदा पुणे किंवा मुंबई असते. तिथे एखाद्या संध्याकाळी स्केटपार्क पाहायला मिळतो आणि परतताना सामानात चार चाकांची एक फळी येते. घरी आल्यावर प्रश्न उभा राहतो, ती चालवायची कुठे? अंगण लहान, गल्लीत खडबडीत पेव्हिंग ब्लॉक. लांबच लांब गुळगुळीत म्हणावा असा एकच, तो गारगोटीला जाणारा मोठा रस्ता. नेमक्या त्याच दिवसांत दूधगंगा-वेदगंगा साखर कारखान्याचा गळीत हंगाम सुरू होतो. दोन-दोन ट्रॉल्या ओढणाऱ्या ट्रॅक्टरच्या चालकाला मागचे धड दिसत नाही आणि समोर मूल आले तर जागच्या जागी थांबताही येत नाही.

मुलाला रागावून फळी माळ्यावर टाकणे हा सोपा उपाय झाला. पण तो आरोग्याच्या दृष्टीने बरोबर नाही. ५ ते १७ वर्षांच्या मुलांनी रोज सरासरी किमान ६० मिनिटे दम लागेल अशी हालचाल करावी, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. शाळा, शिकवणी आणि मोबाइल यांच्यामध्ये तेवढा वेळ किती घरांत सापडतो, हे ज्याने त्याने पाहावे. स्केटबोर्डवर मांड्या, पोटऱ्या, कंबर आणि पोटाचे स्नायू सतत काम करतात. तोल सुधारतो. मुख्य म्हणजे ‘जरा खेळ’ म्हणून मुलाच्या मागे लागावे लागत नाही.

मोठ्या शहरातला चांगला स्केटपार्क कोणता, असे पालक विचारतात. मुंबईत वांद्र्याच्या कार्टर रोडवर, पुण्यात सहकारनगरात अशा जागा आहेत. पण सर्वांत उंच उतार कुठे आहे, यावर चांगला-वाईट ठरवू नये. नवशिक्यासाठी चांगला पार्क ओळखायच्या खुणा साध्या आहेत. जमीन सलग असावी, तिला भेगा नसाव्यात, वाळू किंवा पाणी साचलेले नसावे. सुरुवात करणाऱ्यांसाठी कमी उताराचा वेगळा भाग असावा. मोठी मुले उड्या मारत असतील त्या वेळी लहानांना तिथे सोडू नये, सकाळची कमी गर्दीची वेळ निवडावी. हेल्मेट न घालणाऱ्याला हटकणारे कोणी असेल, तर तो पार्क पहिल्या क्रमांकाचा समजावा.

जमिनीला एवढे महत्त्व का? अमेरिकेच्या ग्राहक सुरक्षा आयोगाने स्केटबोर्डच्या अपघातांची पाहणी केली, तेव्हा दोन गोष्टी पुढे आल्या. जखमींपैकी सुमारे एक तृतीयांश जणांना हा खेळ सुरू करून आठवडाही झालेला नव्हता. आणि पडून झालेल्या दुखापतींपैकी निम्म्याहून अधिकांचे कारण खडबडीत जमीन हे होते. चाक लहान असते, ते एवढ्याशा खड्याला अडते, फळी थांबते आणि अंग पुढे फेकले जाते. म्हणजे दोष बऱ्याचदा मुलाच्या धाडसाचा नसतो, त्याला मिळालेल्या जागेचा असतो.

कोल्हापूरच्या माणसाला हे वेगळे समजावून सांगायची गरज नाही. तालमीतल्या हौद्यात माती उकरून भुसभुशीत करतात. तिच्यात तेल, ताक, हळद घालतात. वस्ताद नव्या पोराला डाव शिकवण्याआधी अंग कसे टाकायचे ते शिकवतात. १९१२ साली खासबागेचे कुस्ती मैदान उभे राहिले. पैलवानाला चांगली माती हवी आणि माणसांना बसून पाहता यावे, एवढा विचार शंभर वर्षांपूर्वी या जिल्ह्याने केला होता. पडणे हा खेळाचाच भाग आहे, म्हणून पडायची जागा नीट करावी, हे शहाणपण इथलेच आहे. चाकांच्या खेळाला तेच लागू करायचे आहे.

स्केटबोर्डवरून पडताना मूल हात ताठ करून जमिनीवर टेकते. सगळा भार मनगटावर येतो आणि तिथले हाड मोडते. वाढत्या वयात हाडाच्या टोकाशी वाढीचा कूर्चामय भाग असतो. त्याला इजा होऊन उपचार चुकले, तर हात वाकडा किंवा आखूड राहू शकतो. म्हणून मनगटाचे, कोपराचे आणि गुडघ्याचे पॅड हवेत. पडताना गुडघे वाकवून, अंग सैल सोडून खांद्यावर लोळण घ्यायची, हे आधी गवतावर शिकवावे. पाच वर्षांखालील मुलाला स्केटबोर्ड देऊ नये आणि दहा वर्षांपर्यंत मोठे माणूस जवळ असावे.

हेल्मेटला पर्याय नाही. वडिलांचे मोटारसायकलचे हेल्मेट मुलाला जड होते आणि डोक्यावर फिरते, ते चालणार नाही. मुलाच्या मापाचे, भुवयांच्या वर दोन बोटांवर बसणारे आणि हनुवटीखाली पट्टा लागणारे हेल्मेट घ्यावे. एकदा जोरात आपटलेले हेल्मेट बाहेरून धड दिसले तरी बदलावे.

पडल्यानंतर काय करू नये, हेही सांगायला हवे. खरचटलेल्या जागी हळद, राख, चुना, तंबाखू काही लावू नये. वाहत्या स्वच्छ पाण्याने आणि साबणाने जखम धुवावी. वयाच्या १० व्या आणि १६ व्या वर्षी मिळणारी धनुर्वाताची लस चुकली असेल तर घेऊन टाकावी. हात सुजला किंवा वाकडा दिसला तर चोळू नये आणि हाड बसवणाऱ्याकडे करकचून पट्टी बांधून घेऊ नये. घट्ट पट्टीने रक्तपुरवठा थांबून हात गमावण्याची वेळ येऊ शकते. वहीच्या पुठ्ठ्याचा आधार देऊन, हात गळ्यात अडकवून एक्स-रेची सोय असलेल्या दवाखान्यात न्यावे. डोक्याला मार लागून मूल बेशुद्ध झाले, पुन्हा पुन्हा उलट्या करू लागले, गुंगीत गेले, त्याला झटके आले किंवा कानानाकातून रक्त अथवा पाणी आले, तर ‘झोपू दे जरा’ म्हणू नये. १०८ ला फोन करावा.

स्केटपार्क हे शहरी चोचले आहेत, गावात ते कोण वापरणार, असा आक्षेप येईल. त्याला उत्तर मध्य प्रदेशात आहे. पन्ना जिल्ह्यातल्या जनवार या छोट्या गावात २०१५ साली जर्मनीच्या उलरिके राइनहार्ड यांनी स्केटपार्क उभा केला. त्याची जागा साधारण साडेचार गुंठे. नियम दोनच होते : शाळेत गेल्याशिवाय स्केटिंग नाही आणि मुलींचा नंबर आधी. या पार्कवर शिकलेली आशा गोंड २०१८ मध्ये चीनमधील जागतिक स्पर्धेत भारताकडून खेळली. टोकियो ऑलिंपिकमध्ये स्केटबोर्डिंग आले, तेव्हा महिलांच्या स्ट्रीट प्रकारात सुवर्ण आणि रौप्य जिंकणाऱ्या दोघी प्रत्येकी १३ वर्षांच्या होत्या. आपल्याकडे या वयाच्या मुलीला पटांगणावरून लवकर घरी बोलावले जाते. जनवारचा दुसरा नियम म्हणूनच महत्त्वाचा.

बिद्रीसारख्या मोठ्या गावाला लगेच उंच उतारांचा पार्क नको. शाळेच्या किंवा गावठाणाच्या जागेत, रस्त्यापासून दूर, कुंपण घातलेला सलग काँक्रीटचा एक चौथरा पुरे. काळ्या रानात पाया नीट भरला नाही तर काँक्रीट भेगाळते आणि पावसाचे पाणी निघून गेले नाही तर शेवाळ धरते. ही दोन कामे मात्र चोख व्हावीत. त्याच चौथऱ्यावर रोलर स्केट्स चालतील, धाकटी मुले सायकल शिकतील, पहाटे म्हातारी माणसे न ठेचकाळता फिरतील. ग्रामपंचायत, शाळा आणि कारखाना यांनी एकत्र बसून ठरवले, तर हे अशक्य कोटीतले काम नाही.

मुले फळीवर उभी राहणारच आहेत आणि पडणारही आहेत. त्यांनी उसाच्या ट्रॉलीपुढे पडायचे की कुंपणाच्या आत, हेल्मेट घालून, हे ठरवणे मात्र मोठ्यांच्या हातात आहे. पुढच्या ग्रामसभेत हा विषय कोणीतरी मांडावा.