चॅनेल गेले म्हणून छत्री हलवू नका!
मंडळी, चार चॅनेल गेले की लगेच पत्र्यावर चढू नका. सह्याद्री स्वच्छ दिसतंय ना? मग छत्रीची दिशा बरोबर आहे. रिमोटने पुन्हा ऑटो स्कॅन करा. तरी नाही आले, तर घोळ दिल्लीत आहे. फ्री डिशवरच्या जागा प्रसार भारती लिलावात विकते. २०१९ आणि २०२२ ला मोठ्या कंपन्यांनी आपले मालिकांचे चॅनेल असेच काढून नेले. जुन्या अँटेनाचं प्रक्षेपण तर २०२२ पर्यंत जवळपास बंदच केलं. म्हणजे म्हाताऱ्या माणसांना फुकटातली एकच वाट उरली, तिचाही बाजार!

विका बापहो, पण कोणता चॅनेल कधी जाणार ते आठवडाभर आधी सह्याद्रीवर मराठीत पट्टी फिरवून सांगा.

आणि आपण? बाबू गेनूंचं गाव म्हणून मिरवतो, पण 'सेटिंग'चे पैसे मुकाट देतो. पैसे मागणाऱ्याला आधी विचारा, नक्की काय बिघडलं होतं?