पाहुण्या मुलांना राजाबाई टॉवर मोजू द्या



परदेशी शाळेशी ‘विद्यार्थी देवाणघेवाण’ झाली की तिचे छायाचित्र वर्तमानपत्रांत येते: फेटे बांधलेले पाहुणे, पुढे रांगोळी, मागे लेझीम. अशा एका भेटीचा कार्यक्रम आखणाऱ्यांत मीही होतो, तेव्हा पुढची तक्रार आधी माझ्याच विरुद्ध आहे. लंडनहून आलेल्या मुलांना आम्ही सकाळी गेटवे, दुपारी मॉल आणि संध्याकाळी मेंदी असे फिरवले. बस मुंबई विद्यापीठाच्या राजाबाई टॉवरजवळून जाताना कोणीतरी म्हणाले, ‘‘हा आमचा बिग बेन.’’ मुले हसली, बस पुढे गेली.

बिग बेन आठवायचे कारणच नव्हते. त्या मुलांच्या शहरात सेंट पँक्रस स्थानकापुढे लाल विटांचे जे भव्य हॉटेल आहे, ते जॉर्ज गिल्बर्ट स्कॉटचे काम. राजाबाई टॉवरही त्याच्याच आराखड्यावरून १८७८मध्ये पुरा झाला. स्कॉट मुंबईत कधी आलाच नाही. नकाशे तेवढे आले. सेंट पँक्रस स्थानकाचे सुमारे २४० फूट रुंदीचे, मध्ये एकही खांब नसलेले लोखंडी छत आखताना अभियंता विल्यम बार्लोच्या मदतीला रोलंड ऑर्डिश होता. आपल्या वॉटसन हॉटेलचा, म्हणजे आजच्या एस्प्लनेड मॅन्शनचा आराखडाही ऑर्डिशचाच. त्याचा सांगाडा इंग्लंडमध्ये ओतून जहाजाने इथे आणला आणि जोडला. ल्युमिए बंधूंची हलती चित्रे ७ जुलै १८९६ रोजी भारतात पहिल्यांदा दाखवली गेली ती याच वास्तूत. राजाबाईपासून ती पाच मिनिटांच्या चालीवर आहे. आम्ही त्या वेळी मॉलमध्ये सरबत पीत होतो.

माझी सूचना अशी की आधी इमारतींची जोडी ठरवा, मग शाळांची. पहिले सहा महिने कोणी कुठे जायचे नाही. दोन्हीकडच्या मुलांनी आपापली इमारत एकाच प्रमाणात कागदावर उतरवायची आणि चित्रे एकमेकांना पाठवायची. सकाळी टॉवरची सावली ओव्हल मैदानाकडे पडते. हातात काठी आणि मोजपट्टी असली की दहावीच्या समरूप त्रिकोणांवरून उंची काढता येते. उत्तर २८० फुटांच्या आसपास यायला हवे. मग प्रश्न सुरू होतात. तुमच्याकडे वीट, आमच्याकडे दगड, असे का? आपली मुले कुर्ल्याच्या पिवळसर दगडाबद्दल आणि नक्षीसाठी वापरलेल्या पोरबंदरी दगडाबद्दल लिहितील. तिकडची मुले नॉटिंगहॅमच्या विटांबद्दल लिहितील. सेंट पँक्रसच्या तळघरातले खांब बिअरच्या पिंपांच्या मापाने उभे केले आहेत, कारण बर्टनची बिअर रेल्वेने तिथे उतरत असे. एवढे सांगितले की शेवटच्या बाकावरची मुलेही जागी होतात, हा माझा अनुभव आहे.

एवढ्या कामाला विमानाचे तिकीट लागत नाही. महापालिकेच्या मराठी शाळेलाही ते जमेल. आज ही देवाणघेवाण ज्यांना परवडते त्यांचीच आहे.

‘साहेबाच्या इमारती कशाला मिरवायच्या?’ असे विचारणारे भेटतील. त्यांनी टॉवरचा हिशेब पाहावा. त्यासाठी दोन लाख रुपये दिले कापसाचे व्यापारी प्रेमचंद रायचंद यांनी, आणि नाव दिले आपल्या आईचे. तो पैसा अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे कापसाचे भाव कडाडले त्या दिवसांतला. युद्ध संपताच बाजार कोसळला आणि प्रेमचंदही बुडाले. टॉवरवर पश्चिम भारतातल्या नाना जातीजमातींचे पुतळे आहेत. त्यांचे नमुने केले रावबहादूर मुकुंद रामचंद्र या साहाय्यक अभियंत्याने. छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस म्हटले की वास्तुकार फ्रेडरिक स्टीव्हन्स सर्वांना ठाऊक. त्या कामावरचे साहाय्यक अभियंता सीताराम खंडेराव वैद्य किती जणांना माहीत आहेत? लंडनच्या मुलांनी स्कॉटचे नाव घेऊन इथे यावे आणि मुकुंद रामचंद्रांचे नाव घेऊन परत जावे. साहेबाला मिरवणे याला म्हणत नाहीत.

दुसरा आक्षेप आमच्याच संस्थेतल्या एका ज्येष्ठांनी घेतला होता: पाहुण्यांना मोडकी वास्तू दाखवायची? वॉटसन हॉटेलच्या सज्जांचा काही भाग २००५मध्ये कोसळला, ती अवस्था खरोखर लाज आणणारी आहे. पण सेंट पँक्रसचे हॉटेलही १९६०च्या दशकात पाडायचे घाटत होते. लोकांनी आवाज उठवला, १९६७मध्ये त्याला संरक्षण मिळाले, आणि २०११पासून तिथे पुन्हा हॉटेल चालते. हे तिकडच्या मुलांनी इकडच्या मुलांना एस्प्लनेड मॅन्शनसमोर उभे राहून सांगावे. आपल्या मुलांना तिथे थोडे अवघडल्यासारखे झाले तर होऊ द्या.

मुंबई विद्यापीठाने वर्षातले काही शनिवार अशा वर्गांसाठी आवार मोकळे ठेवावे, आणि मुख्याध्यापकांनी पुढच्या जूनचे नियोजन करतानाच परदेशी शाळेला पहिले पत्र इमारतीबद्दल लिहावे, ही विनंती. मेंदीला माझी हरकत नाही. ती शेवटच्या संध्याकाळी असू द्या.

— एक निवृत्त चित्रकला शिक्षक, गिरगाव