हात दुखतात? गोळीआधी विणकामाच्या सुया दाखवा

धानाची कापणी-मळणी आटोपली, थंडी पडली की दिघोरीतल्या काही घरांत लोकरीचे गुंडे बाहेर निघतात. त्याच सुमारास माझ्याकडे बोटांना मुंग्या येणाऱ्या, अंगठ्याच्या बुडाशी दुखणाऱ्या बायका जास्त येऊ लागतात. पावसाळ्यात रोवणी, मग निंदण, मग विळा. हे हात आधीच थकलेले असतात. विणकाम त्यावर शेवटचा भार टाकतं.

गेल्या हिवाळ्यात साठी ओलांडलेल्या एक आजी आल्या. बीपी आहे, शुगर आहे. नातवासाठी स्वेटर विणत होत्या. रात्री उजवा हात बधिर होऊन झोपमोड व्हायची, हात झटकला की बरं वाटायचं. दोन महिने मेडिकलमधून दुखण्याची गोळी स्वतःच आणून खात होत्या. "मंग विणनं सोडूनच द्यावं का जी?" असं विचारताना त्यांचा चेहरा उतरला होता. मी म्हटलं, उद्या येताना सुया घेऊन या.

सुया म्हणजे सायकलच्या चाकाच्या तारा, टोकं घासून केलेल्या! जाडी जेमतेम 2 मिलिमीटर. लोकरीच्या पाकिटावर मात्र 4 मिलिमीटरची सुई छापलेली होती.

माझं मत स्पष्ट सांगतो. "विणकाम बंद करा" हा सल्ला आम्ही डॉक्टर फार सहज देतो. ज्या बाईला दुपारी तेवढाच एक विरंगुळा आहे, तिच्यासाठी तो लहानसा सल्ला नसतो. आणि बीपी-शुगर असताना दुखण्याच्या गोळ्या महिनोन् महिने खाणं मूत्रपिंडासाठी धोक्याचं आहे, बीपीही वाढतं. त्यापेक्षा सुई बदलणं स्वस्त.

बारीक वस्तू धरायला चिमूट जास्त आवळावी लागते. चिमटीत जितका जोर, त्याच्या कितीतरी पट दाब अंगठ्याच्या बुडाच्या सांध्यावर येतो. शिवाय मनगटात एक अरुंद बोगदा आहे. त्यातून बोटं वाकवणाऱ्या नऊ दोऱ्या आणि एक नस जाते. मनगट तासन् तास वाकलेलं राहिलं की नस दबते आणि अंगठा, तर्जनी, मधलं बोट यांना मुंग्या येतात. मधुमेह, थायरॉईडचा आजार आणि गरोदरपण यांत हा त्रास जास्त दिसतो.

आता नंबरचा घोळ. आपल्याकडच्या जुन्या पद्धतीत नंबर जितका मोठा, सुई तितकी बारीक. 12 नंबर म्हणजे पावणेतीन मिलिमीटर, 10 म्हणजे सव्वातीन, 8 म्हणजे 4. अमेरिकन पद्धतीत उलटं आहे, तिथला 8 नंबर 5 मिलिमीटरचा. मोबाईलवर नमुना पाहून सुई मागवताना इथेच चुकतं. म्हणून नंबर विसरा, मिलिमीटर विचारा.

हात दुखत असेल तर 4 मिलिमीटर किंवा त्याहून जाड सुई आणि त्या जाडीची लोकर घ्या. सुई बांबूची बरी, ती हलकी असते आणि थंडीत गार लागत नाही. पण तुमचे टाके फार घट्ट पडत असतील तर बांबूवर ते अडकतात आणि ढकलायला उलट जास्त जोर लागतो. अशांना गुळगुळीत ॲल्युमिनियम चालेल. मोतीबिंदू असेल तर चकाकणारी सुई टाळा. बोटांची संवेदना कमी झालेल्या मधुमेहींनी बोथट टोकाची घ्यावी. तर्जनीने टोक ढकलायची सवय असते आणि टोचलेलं कळत नाही.

मोठ्या माणसाचा स्वेटर असेल तर मी गोल सुयाच सुचवतो. म्हणजे दोन आखूड सुया, मध्ये लवचीक वायर. लांब सरळ सुईवर अर्ध्या किलोपर्यंतचं वजन मनगट पेलत राहतं, इथे ते मांडीवर विसावतं. गोल सुईवर सरळ पल्लाही विणता येतो, हे पुष्कळ जणींना ठाऊक नसतं. सुई बदलली की टाक्याचं माप बदलतं, तेव्हा आधी वीतभर नमुना विणून मोजा. नाहीतर नातवाचा स्वेटर आजोबांना घालावा लागेल.

सुईने सांध्याची झीज भरून येत नाही, हेही खरं. अर्ध्या तासाने हात मोकळा करावाच लागतो. बधिरपणा दिवसाही टिकत असेल, कप हातातून निसटत असेल, अंगठ्याखालचा मांसल भाग बसत चालला असेल तर सुया बाजूला ठेवून लगेच दाखवा. सकाळी दोन्ही हातांची बोटं सुजून तासभर आखडत असतील तर तो आमवात असू शकतो.

आजींना रात्री मनगटाला पट्टा बांधायला दिला, शुगरचं औषध नीट बसवलं, गोळी बंद केली. मुलाने 4 मिलिमीटरच्या गोल सुया आणून दिल्या. दीड महिन्याने आल्या तेव्हा रात्रीची झोप लागत होती, अंगठा अधूनमधून दुखतच होता. स्वेटरची एक बाही बाकी होती.