भाव मागितला, भावना मिळाली



अमेरिकेत परंपरावाद्यांचा जोर वाढला, त्याचे पाथर्डी-जामखेडच्या कोरडवाहू शेतकऱ्याला काय, असे कोणी विचारील. आमचे उत्तर सरळ आहे. तिकडे शेतकऱ्याचे जे झाले तेच इकडे होऊ घातले आहे, आणि त्याची किंमत आपल्याच गोठ्यातून वसूल होते आहे.

अमेरिकेचा शेतकरी काही जन्मापासून परंपरावादी नव्हता. टेक्सासचा कापूसवाला आणि कान्ससचा गहूवाला यांनी १८९२ साली रेल्वे कंपन्या आणि बँकांच्या विरोधात स्वतंत्र पक्ष उभा केला होता. १९७९ च्या फेब्रुवारीत हजारो शेतकरी ट्रॅक्टर घेऊन राजधानी वॉशिंग्टनमध्ये घुसले. मागणी 'पॅरिटी'ची, म्हणजे शेतीचा खर्च ज्या मानाने वाढतो त्या मानाने शेतमालाचा भाव. भाव मिळाला नाही. त्याच वर्षी जेरी फॉलवेल या धर्मोपदेशकाने 'मॉरल मेजॉरिटी' ही संघटना काढली आणि १९८० साली रेगन निवडून आले. पुढच्या पाच-सात वर्षांत व्याज चढले, जमिनीचे भाव कोसळले, शेतांचे लिलाव पुकारले गेले.

भाव हे एकच कारण होते असे आम्ही म्हणत नाही. काळ्या लोकांना १९६४ साली मिळालेले नागरी हक्क, १९७३ चा गर्भपाताचा निकाल, यांचाही राग होताच. पण बँकेवर चिडलेल्या माणसाला दुसरा शत्रू दाखवणे सोपे असते. काळा, परदेशातून आलेला मजूर, घराबाहेर पडलेली बाई असे शत्रू त्याला दाखवले गेले. २०२२ साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने गर्भपाताचा देशव्यापी हक्क काढून घेतला. धर्मोपदेशकांचे मागणे पुरे झाले. शेतकऱ्याची पॅरिटी १९७९ साली होती तिथेच आहे.

आता आपला जिल्हा पाहू. नेवासे तालुक्यातल्या तरवडीसारख्या खेड्यातून मुकुंदराव पाटलांनी १९१० पासून 'दीनमित्र' चालवला. भटशाही आणि सावकारशाहीवर कोरडे ओढणारे सत्यशोधकांचे ते पत्र होते. त्याच तालुक्यात शनिशिंगणापूरच्या चौथऱ्यावर बाईला पाय ठेवायला एप्रिल २०१६ उजाडावा लागला, तोही उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर. आणि मढी, कानिफनाथांची मढी, जिथे भटक्या जमाती पिढ्यान् पिढ्या येतात, तिथे फेब्रुवारी २०२५ मध्ये ग्रामसभेने ठराव केला की यात्रेत मुसलमान व्यापाऱ्याने दुकान मांडायचे नाही.

हे एका दिवसात झाले नाही. यात पुरोगामी म्हणवणाऱ्यांचा वाटा मोठा आहे. प्रवरेच्या काठी सहकारी कारखाना उभा राहिला, कालव्याचे पाणी उसाला गेले. दक्षिणेकडच्या कर्जत, जामखेड, पाथर्डी, पारनेरच्या वाट्याला दुष्काळी कामावरची खडी आली. भाषणे फुले-शाहूंची आणि व्यवहार कारखान्याचा, असे दोन पिढ्यांनी पाहिले. मग ज्याच्याकडे पाणी नव्हते, भाव नव्हता, त्याच्या हातात कोणीतरी झेंडा दिला. त्याने तो घेतला, यात त्याला शिव्या देण्यात अर्थ नाही. त्या झेंड्याने त्याला काय दिले, एवढेच तपासायचे.

बैलापासून सुरुवात करू. १९७६ च्या कायद्याने गाईची कत्तल बंद होती, पण निकामी बैल दाखला घेऊन विकता येत होता. मार्च २०१५ पासून बैल आणि वळूवरही बंदी आली. म्हाताऱ्या बैलाला रोज सहा-सात किलो वाळका चारा धरला तरी वर्षाला सव्वादोन-अडीच टन होतात. आपल्या हलक्या-मध्यम रानात कोरडवाहू ज्वारीचा एकरी कडबा टन-सव्वा टन. म्हणजे दोन एकरांचा कडबा एका निकामी बैलाच्या दावणीला. पूर्वी म्हातारी जोडी विकून आलेल्या पैशांत भर घालून नवी जोडी यायची. तो रस्ता बंद झाला. माणूस हिशेब करतो आणि खोंड पाळण्याऐवजी ट्रॅक्टर भाड्याने लावतो. शेणखत गेले, खिलारी जोड्या कमी झाल्या. गोवंश वाचवायचा कायदा गोवंशच दावणीवरून उठवतो आहे.

सरकारने सप्टेंबर २०२४ मध्ये देशी गाईला राज्यमाता केले आणि गोशाळेतल्या गाईला दिवसाला ५० रुपये जाहीर केले. शेतकऱ्याच्या गोठ्यातल्या भाकड गाईला, म्हाताऱ्या बैलाला त्यातले किती? २०२५ च्या पावसाळ्यात गोरक्षकांच्या जाचाला कंटाळून कुरेशी व्यापाऱ्यांनी खरेदी थांबवली, तेव्हा बाजारात नेलेले जनावर तसेच घरी आणण्याची पाळी शेतकऱ्यावर आली. गिऱ्हाईक कमी झाले की भाव पडतो. हा नियम जात-धर्म पाहत नाही. मढीच्या ठरावालाही तोच लागू आहे.

आणि कापूस? अमेरिकेने २७ ऑगस्ट २०२५ पासून आपल्या मालावर ५० टक्के कर लादला. त्याच महिन्यात, १९ ऑगस्टपासून, आपल्या सरकारने परदेशी कापसावरचे ११ टक्के आयात शुल्क उठवले आणि ती सूट ३१ डिसेंबरपर्यंत वाढवली. नेमकी वेचणीची वेळ. तिकडचे सरकार 'अमेरिका आधी' म्हणते, इकडचे स्वदेशी म्हणते. कापूसवाला मात्र दोघांच्या मध्ये सापडला.

कोणी म्हणेल, तुम्ही श्रद्धेवर घाला घालता. मुळीच नाही. पोळ्याला बैलाच्या शिंगांना रंग देणारा आणि त्याला पुरणपोळी चारणारा शेतकरीच आहे. त्याला गोभक्ती शिकवण्याचा अधिकार एकही जनावर न पाळणाऱ्याला नाही. पंढरीची वारी आपली, कानिफनाथ आपले. पण श्रद्धा आपली आणि तिचा हिशेब दुसऱ्याच्या मतपेटीत, हे चालू द्यायचे नाही.

जिल्हा बैठकीपुढे आम्ही तीन मागण्या ठेवत आहोत. निकामी बैल विकण्याची मुभा द्या, नाहीतर सरकारने तो बाजारभावाने विकत घ्यावा. घोडेगाव, काष्टीच्या बाजारात आणि रस्त्यावर जनावरांच्या व्यापाऱ्याला, तो कोणत्याही धर्माचा असो, पोलिसांचे संरक्षण मिळावे. वेचणीच्या हंगामात कापसाच्या आयात शुल्काला हात लावू नये.

प्रत्येक गावाने येताना आपल्या गावातल्या बैलांची दहा वर्षांपूर्वीची आणि आजची संख्या लिहून आणावी. भाषणापेक्षा तो कागद जास्त बोलेल.